डोळ्यातला थेंब, छातीतली धाप आणि मधला रिसेप्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांची, सोलापुरात राहते, सूतगिरणीत बरीच वर्षं काम केलेलं, दमा जुना. निळ्या पंपावर इतके दिवस निभावलं. दीड महिन्यापूर्वी काचबिंदू निघाला आणि टिमोलॉलचे थेंब दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ सुरू झाले. तेव्हापासून धाप वाढली. पंप दिवसातून आठ-दहा वेळा घ्यावा लागतो आणि तरी छाती मोकळी होत नाही. मुलगी विचारते : डोळ्यातला थेंब छातीपर्यंत पोचतो कसा? पंप आता लागू पडेनासा झाला का? आणि कुठल्या औषधाने कुठे काम करायचं हे औषधाला कळतं तरी कसं?

आधी तातडीचं सांगतो, मग कारण. टिमोलॉल दम्याच्या माणसाला द्यायचं नसतं. थेंबांच्या खोक्यातल्या कागदावरही तसं छापलेलं असतं. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा : "आईला दमा आहे, थेंब सुरू झाल्यापासून वाढलाय." काचबिंदू औषधाविना ठेवता येत नाही, म्हणून थेंब परस्पर बंद करून गप्प बसू नका, बदलून घ्या. पण धाप जास्त असेल आणि फोन लागत नसेल, तर पुढचा थेंब घालायची घाई करू नका. डोळ्यातला टिमोलॉलचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे एक वेळ चुकल्याने डोळ्याचं फारसं बिघडत नाही. श्वासाला मात्र थांबायला वेळ नसतो. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उतार पडत नसेल, तर १०८ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. थेंबांची बाटली सोबत न्या. "डोळ्याचं औषध आहे, त्याचा छातीशी काय संबंध" म्हणून ती घरीच राहते आणि तिथे डॉक्टर कारण शोधत बसतात.

आता प्रश्नाकडे, आणि सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यात आहे.

औषधाला काहीच कळत नाही. गोळी घ्या, थेंब घाला, फवारा ओढा; एकदा ते रक्तात उतरलं की रक्त जाईल तिथे तेही जातं. काम मात्र तिथेच होतं, जिथे त्याला धरणारा रेणू आहे. पेशीच्या आवरणात किंवा पेशीच्या आत बसलेला हा रेणू, बहुतेक वेळा एक प्रथिन, म्हणजे रिसेप्टर. पाठ्यपुस्तकात त्याला 'ग्राही' म्हणतात. तो औषधासाठी घडलेला नाही. शरीराचीच अ‍ॅड्रिनॅलिन, अ‍ॅसिटिलकोलिन, हिस्टामिन यांसारखी रसायनं ओळखण्यासाठी तो तिथे आहे. औषध त्या रसायनांसारखं दिसतं, म्हणून रिसेप्टर त्याला धरतो.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही, शेंगाचटणी पुरते. मिरचीत कॅप्सायसिन नावाचा पदार्थ असतो. जिभेच्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा रिसेप्टर आहे आणि तो मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की तो उघडतो, आत कॅल्शियम शिरतं आणि मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. कॅप्सायसिन त्याला चिकटून तोच दरवाजा थंड तापमानात उघडतं. जिभेला काही भाजलेलं नसतं, पण निरोप खरा असतो. चटणी कुटलेला हात डोळ्याला लागला की डोळाही जळतो, कारण तिथेही तोच रिसेप्टर आहे. मिरचीला 'आपण जिभेसाठी आहोत' हे ठाऊक नसतं. आणि पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो, त्याचं काही अडत नाही, कारण पक्ष्यांच्या या रिसेप्टरची घडण थोडी वेगळी असते आणि कॅप्सायसिन तिथे बसत नाही. पदार्थ तोच, रिसेप्टर थोडासा निराळा, आणि परिणाम शून्य. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा रिसेप्टर ओळखला. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पाटापुटियन यांना मिळालं ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच रिसेप्टरांच्या कामासाठी. जाता जाता : तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्या.

आईच्या छातीत गोष्ट अशीच आहे, फक्त रिसेप्टर वेगळा आहे.

श्वासनलिकांभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. दम्यात ते आवळतं. त्या स्नायूंवर बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात. अ‍ॅड्रिनॅलिन त्यांच्यावर बसलं की स्नायू सैल पडतात. रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये अ‍ॅड्रिनॅलिनचे रिसेप्टर अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे आहेत हे मांडलं. पुढे बीटाचे पोटप्रकार झाले : बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ मुख्यतः श्वासनलिका, रक्तवाहिन्या आणि हातापायांच्या स्नायूंत. 'मुख्यतः' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

बीटा-२ हा ४१३ अमिनो आम्लांचा एक धागा आहे आणि तो पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर विणलेला आहे. बाहेरच्या बाजूला मध्ये एक खोबण तयार होते. साल्ब्युटामॉल, म्हणजे निळ्या पंपातलं औषध, त्या खोबणीत बसतं. बसलं की धाग्याची आतली टोकं किंचित सरकतात. त्या सरकण्याने आतलं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला (एन्झाइमला) चालना देतं, सायक्लिक एएमपी नावाचा आतला निरोप्या रेणू तयार होतो आणि स्नायूचं आवळणं सुटतं. एका रिसेप्टरवर एक रेणू बसला तरी आत सायक्लिक एएमपीचे कितीतरी रेणू तयार होतात, म्हणून १०० मायक्रोग्रॅमच्या एका फवाऱ्यातला जेमतेम पाचवा-दहावा हिस्सा फुप्फुसात पोचूनही पाच मिनिटांत आराम वाटतो. हे रिसेप्टर कसे काम करतात हे उलगडल्याबद्दल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे नेहमी कुलूप-किल्लीची उपमा देतात. मला ती अपुरी वाटते. किल्ली बसली की कुलूप उघडतंच, असं त्यातून वाटतं. रिसेप्टरवर बसणं आणि रिसेप्टरकडून काम करवून घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आईचा सगळा त्रास या फरकातच आहे. त्यापेक्षा एसटी बघा. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमालाने जागा अडते, पण रुमाल काही कुठे जात नाही. टिमोलॉल हा तो रुमाल. बीटा रिसेप्टरच्या त्याच खोबणीत तो बसतो, पण आतली टोकं सरकत नाहीत, जी-प्रथिन जागं होत नाही. काम काही नाही, जागा मात्र अडलेली. अशा औषधाला विरोधक किंवा ब्लॉकर म्हणतात.

डोळ्यात याचा फायदा होतो. डोळ्याच्या आतलं पाणी जिथे तयार होतं तिथल्या पेशींवर बीटा रिसेप्टर आहेत. ते अडवले की पाणी कमी तयार होतं आणि डोळ्याचा दाब उतरतो. टिमोलॉल यासाठी चांगलं औषध आहे आणि स्वस्तही आहे. दमा किंवा श्वासनलिकांचा दुसरा जुना आजार नसलेल्या माणसाला ते बहुधा चालतं, फक्त नाडी मुळातच मंद नसावी आणि हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा नसावा.

आता थेंब छातीत कसा गेला. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो आणि पापणीच्या आत फार तर ०.०३ मिलिलिटर मावतं. उरलेलं गालावर ओघळतं किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतं. थेंब घातल्यावर घशात कडू लागतं ते याचमुळे. नाकाच्या आतल्या त्वचेला भरपूर रक्त असतं आणि तिथून औषध थेट रक्तात शिरतं. गोळी गिळली तर औषध आधी यकृतातून जातं आणि टिमोलॉलचा जवळपास अर्धा भाग तिथेच मोडतो. नाकातून गेलेल्याला तो जकात नाका लागत नाही.

तरी मात्रा किती? ०.५ टक्क्याच्या थेंबात ०.२५ मिलिग्रॅम. दोन डोळे, दोन वेळा : दिवसाला १ मिलिग्रॅम. "एवढ्याशाने काय होणार?" असं वाटणं साहजिक आहे. इथे दुसरा मुद्दा येतो, पकडीचा. औषध रिसेप्टरला किती घट्ट धरतं हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. ज्या प्रमाणात निम्मे रिसेप्टर व्यापले जातात तो आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. बीटा-२वर टिमोलॉलची पकड साल्ब्युटामॉलच्या पकडीपेक्षा हजार पटींहून जास्त घट्ट आहे. म्हणून मिलिग्रॅमभर टिमोलॉल अंगभर पसरूनसुद्धा पंपाला भारी पडतं.

यातलं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण 'डोस वाढवू का' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. औषध एकटंच असेल तर निम्मे रिसेप्टर भरणारं प्रमाण १ धरा. प्रमाण ९ केलं तर ९० टक्के भरतात, ९९ केलं तर ९९ टक्के. म्हणजे पन्नासवरून नव्वदवर जायला नऊ पट औषध आणि पुढच्या नऊ टक्क्यांसाठी आणखी अकरा पट. फायदा असा रेंगाळत वाढतो. दुष्परिणाम मात्र रेंगाळत नाहीत, कारण दरम्यान औषध दुसऱ्या रिसेप्टरांनाही धरायला लागतं. 'मुख्यतः' शब्दाचं काम इथे पडतं. बीटा-२साठी बनवलेलं साल्ब्युटामॉल जास्त झालं की हृदयावरही चालतं आणि छातीत धडधडतं. त्याच्या उलट, हृदयासाठी दिलेलं मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल जास्त मात्रेत श्वासनलिकेपर्यंत हात पोचवतं. निवडक औषध म्हणजे फक्त तेवढंच धरणारं औषध नव्हे, ते आधी धरणारं औषध.

आता त्यात रुमाल टाका. विरोधक स्वतःच्या निम्म्या-भरणीच्या प्रमाणात असेल तर पूर्वीइतकाच परिणाम मिळवायला पंपाचं औषध दुप्पट लागतं. विरोधक त्याच्या दसपट असेल तर अकरापट. आई पूर्वी दिवसातून एखाद्या वेळी पंप घेत असेल आणि आता आठ-दहा वेळा घेत असेल, तर तो हट्ट नाही आणि सवयही नाही. शरीर हे गणित सोडवतंय. आणि ते पुरतं सुटत नाही, कारण साल्ब्युटामॉल हा मुळात अर्धवट चालक आहे : सगळ्या जागा मिळाल्या तरी ते अ‍ॅड्रिनॅलिनइतकी पूर्ण चालना देत नाही. गाडी भरते, पण वेग कमीच राहतो.

एक खूण पाहा. बऱ्याच लोकांचे हात पंपानंतर थोडे थरथरतात, कारण हाताच्या स्नायूंवरही बीटा-२ असतात. आईचे हात पूर्वी थरथरायचे आणि आता इतके फवारे घेऊनही थरथरत नसतील, नाडीही पंपानंतर साठच्या आसपासच राहत असेल, तर रिसेप्टर अडलेले असण्याची शक्यता बळकट होते. मिनिटभर नाडी मोजून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पंप रिकामा असेल किंवा ओढायची पद्धत चुकत असेल तरी हात थरथरणार नाहीत, म्हणून डब्यावरचा फवाऱ्यांचा आकडा आधी तपासा आणि स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायचं नळकांडं) वापरा. बहुतेक डब्यांत २०० फवारे असतात. आकडा शून्यावर आल्यावरही फसफस आवाज येतो, पण औषध नसतं.

मग दमा नसलेल्या शेजारणीला हेच थेंब का बाधत नाहीत? निरोगी श्वासनलिका उघडी राहण्यासाठी बीटा-२वर फारशी अवलंबून नसते, म्हणून तो अडला तरी कळत नाही. दम्यात दुसरी बाजू सतत आवळत असते. व्हेगस मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, ते स्नायूंवरच्या एम-३ रिसेप्टरवर बसतं आणि नळी आवळते. त्या मज्जातंतूच्या टोकावरही बीटा-२ असतात आणि ते अ‍ॅसिटिलकोलिनला आवर घालतात. टिमोलॉलने तो आवरही सुटतो. म्हणजे सैल करणारा हात बांधला आणि आवळणारा मोकळा सोडला, असं दोन्हीकडून होतं.

याच कारणाने अशा वेळी इप्राट्रोपियम कामाला येतं. ते बीटाच्या भानगडीत पडतच नाही, एम-३ अडवतं. इमर्जन्सीत साल्ब्युटामॉलबरोबर तेही नेब्युलायझरमधून देतात. पण आईला काचबिंदू आहे, हे तिथे आवर्जून सांगा. मास्क सैल असला तर वाफ डोळ्यात जाते, बुबुळाचं छिद्र मोठं होतं आणि डोळ्याचा कोन अरुंद असेल तर दाब एकदम चढू शकतो. अशा रुग्णाला मास्कऐवजी तोंडात धरायची नळी द्यावी, किंवा मास्क नाकावर घट्ट बसवून डोळे मिटायला सांगावं.

मुलीचा दुसरा प्रश्न, पंप लागू पडेनासा झाला का. थोडा हो, आणि त्यालाही कारण रिसेप्टरच. सतत चालना मिळाली की पेशी कंटाळते म्हणा. काही मिनिटांत रिसेप्टरच्या आतल्या टोकावर फॉस्फेटचा शिक्का बसतो, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन जी-प्रथिनाची वाट अडवतं आणि रिसेप्टर आवरणावरून आत ओढला जातो. चालना तासन्‌तास, दिवसेंदिवस चालूच राहिली तर काही रिसेप्टर मोडूनच टाकले जातात. गाडीतली बाकंच काढून नेल्यासारखं. रोज झणझणीत खाणाऱ्याला तिखट कमी लागतं तेही साधारण असंच. नाक चोंदल्यावर घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त चालवले की नाक औषधाविना उघडतच नाही, त्यामागेही हेच एक कारण आहे. धुळीच्या दिवसांत सोलापुरात मेडिकलमधून परस्पर घेतलेली ही बाटली महिनोन्‌महिने उशाशी असते. पाच दिवसांनंतर ती टाकून द्या.

या झिजलेल्या रिसेप्टरांना परत आणणारं औषध आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात : श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन. त्याचा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर नसतो, आत असतो. औषध आवरण ओलांडून आत जातं, रिसेप्टरला भेटतं, दोघं मिळून केंद्रकात शिरतात आणि कुठली प्रथिनं बनवायची हेच बदलतात. सूज आणणारी कमी, बीटा-२ रिसेप्टर जास्त. नवं प्रथिन बनायला तास लागतात, सूज पुरती उतरायला दिवस आणि आठवडे. "हा पंप घेऊन काही वाटत नाही" म्हणून तो सोडला जातो आणि निळा जवळचा वाटतो, कारण तो पाच मिनिटांत जाणवतो. खरं तर फक्त निळ्या पंपावर दमा चालवणं धोक्याचं आहे. जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार करू नका असंच म्हटलंय. वर्षात २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं. आईचा आत्ताचा वेग दिवसाला दोन-दोन फवारे आठ-दहा वेळा धरला, तर डबा दहा-बारा दिवसांत संपतो. छातीच्या डॉक्टरांशी फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड एकत्र असलेल्या पंपाबद्दल बोला. फॉर्मोटेरॉल लवकर चालतं आणि बारा तास टिकतं, आणि प्रत्येक फवाऱ्याबरोबर स्टेरॉइड आपोआप जातं. मात्र टिमोलॉल चालू असेल तर तेही अडेल, कारण जागा तीच. आधी रुमाल उचलायचा. आणि स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो, पंपाने क्वचित, गोळ्यांनी जास्त, म्हणून स्टेरॉइड सुरू झालं की डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवून दाब पुन्हा मोजून घ्या. फवाऱ्यानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे डाग येतात.

थेंबांना पर्याय आहेत. लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के, रात्री एकच थेंब. ते प्रोस्टाग्लँडिनच्या एफपी रिसेप्टरवर काम करतं, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट मोकळी करतं आणि दम्याच्या बहुतेक रुग्णांना चालतं. पापण्यांचे केस लांबतात, डोळ्याभोवतीची कातडी थोडी काळवंडते. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड हेही आहेत. ते रिसेप्टरवर चालतच नाहीत, एका विकराला अडवतात. बीटाक्सोलॉल हे बीटा-१कडे झुकलेलं आहे, पण ज्या दम्याच्या रुग्णाला एकदा त्रास झालाय त्याला मी तेही देऊ नये म्हणेन. झुकलेलं म्हणजे सुटलेलं नव्हे. कुठला थेंब द्यायचा हे डोळ्याचा दाब आणि नसेची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतील. तुम्ही एक गोष्ट तपासायची : जोडथेंब. लॅटानोप्रोस्ट, ब्रिमोनिडाइन, डॉर्झोलामाइड या तिन्हींच्या अशा बाटल्या मिळतात ज्यांत टिमोलॉल मिसळलेलं असतं. ब्रँडचं नाव वेगळं, आत तेच. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी 'लॉल' दिसलं की थांबायचं : टिमोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल, लॅबेटालॉल. ही सगळी बीटा रिसेप्टरची मंडळी. हाताचा कंप, अर्धशिशी, परीक्षेची धडधड यासाठी प्रोप्रॅनोलॉल सर्रास लिहिलं जातं. दमा असेल तर तोंडाने सांगायचं, विचारायची वाट पाहायची नाही.

पण 'लॉल' वाईट म्हणून कोणी ब्लडप्रेशरची किंवा हृदयाची गोळी उद्यापासून बंद करू नये, हे तितकंच कळकळीने सांगतो. रिसेप्टर महिनोन्‌महिने अडवला की पेशी नवे रिसेप्टर बनवते. रुमाल पडलेत म्हणून गाडीला जादा बाकं जोडल्यासारखं. गोळी एकदम थांबली की ती सगळी बाकं एका क्षणी रिकामी होतात, अंगातलं नेहमीचं अ‍ॅड्रिनॅलिन त्यांवर तुटून पडतं, आणि नाडी धावते, छातीत दुखतं, कमकुवत हृदयाला झटकाही येऊ शकतो. म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. थेंबांची मात्रा लहान असल्याने डोळ्यासाठी असं टप्प्याने उतरावं लागत नाही. आईला हृदयविकार असेल तर मात्र डॉक्टरांना तेही सांगा.

चुकीचा रिसेप्टर अडवला तर काय होतं याचं आपल्या भागातलं उदाहरण विंचवाचं आहे. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतूंचे सोडियम मार्ग उघडे राहतात आणि अ‍ॅड्रिनॅलिन-नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पूर येतो. घाम, थंडगार हातपाय, चढलेलं ब्लडप्रेशर, धावती नाडी. धावती नाडी पाहून कोणी बीटा-ब्लॉकर दिला तर रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ बंद होतात आणि आवळणारे अल्फा-१ मोकाट सुटतात. हृदयावर आधीच ताण, त्यात पुढची वाट अरुंद : फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी उलट बाजूने विचार केला आणि प्राझोसिनने अल्फा-१ अडवला. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, तीन तासांनी पुन्हा, मग हातपाय कोमट होईपर्यंत दर सहा तासांनी. त्याआधी अशा गंभीर दंशांत दगावणारे खूप असत, ते या उपचाराने वाचायला लागले. गोळी साधी, स्वस्त, खरी करामत रिसेप्टर ओळखण्यात होती. हे रुग्णालयात द्यायचं औषध आहे, कारण त्याने ब्लडप्रेशर एकदम पडू शकतं आणि रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं.

दुसरं उदाहरण फवारणीचं. डाळिंब, द्राक्ष, उसावरची ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला बंद पाडतात, मग अ‍ॅसिटिलकोलिन साचतं. तोंडाला फेस, छातीत पाणी, टाचणीच्या टोकाएवढी बुबुळं. उतारा अ‍ॅट्रोपिन, तोही एक रुमालच. इथे प्रवाशांचीच झुंबड असल्याने रुमालही भरपूर लागतात : ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अँप्यूलपासून सुरुवात करून दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. शेकडो अँप्यूल लागल्या म्हणून नातेवाईक घाबरतात, पण तो चढाओढीचा हिशेबच तसा आहे. बुबुळं मोठी झाली हे पुरेसं चिन्ह नाही, छाती ऐकायची. आणि अ‍ॅट्रोपिन फक्त मस्करिनिक रिसेप्टर (एम-३ ज्या गटातला, तो गट) अडवतं. स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरांना ते हात लावत नाही, म्हणून छाती कोरडी झालेला रुग्णही पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडून व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. 'आता बरं आहे' म्हणून त्याला लवकर घरी नेऊ नका.

याच मस्करिनिक रिसेप्टरमुळे उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळायची. घामाच्या ग्रंथी एम-३वर चालतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी वारंवार होण्यावरचं ऑक्सिब्युटिनिन, सर्दीवरची क्लोरफेनिरामाइन-फेनिरामाइनसारखी जुनी औषधं हा रिसेप्टर अडवतात. एरवी तोंड कोरडं पडण्यापुरतं ठीक. पारा ४३-४४वर असताना घामच येत नसेल तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला यातलं काही चालू असेल तर मे महिन्यापूर्वी डॉक्टरांना एकदा यादी दाखवा.

सगळीच औषधं रिसेप्टरवर चालतात असं मात्र नाही. अँटासिड हे साधं रसायन आहे, आम्ल आणि अल्कली. इसबगोल पाणी धरून ठेवतं. अँटिबायोटिक जंतूच्या यंत्रणेवर जातात.

आता आईचे नवे थेंब. लॅटानोप्रोस्टच्या न उघडलेल्या बऱ्याच बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि उघडल्यावरही २५ अंशांच्या आत. सोलापुरात मार्चनंतर कपाटात २५ अंश मिळत नाहीत, म्हणून फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, चार आठवड्यांनी ती टाकून द्या. पंपाचा डबा गाडीच्या डिकीत उन्हात राहू देऊ नका.

थेंब घालताना आईला आडवं करा किंवा मान मागे टेकवा. खालची पापणी खाली ओढून झालेल्या खाचेत एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता. मग डोळा हलकेच मिटायचा, उघडझाप करायची नाही, आणि नाकाजवळचा आतला कोपरा तर्जनीने दोन ते तीन मिनिटं दाबून धरायचा. नाकात उतरणारी वाट बंद होते, औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं. घशाला कडू लागलं तर कोपरा नीट दाबला गेला नाही असं समजा. ही युक्ती कुठल्याही थेंबाला लागू आहे, पण तिच्या भरवशावर दम्यात टिमोलॉल चालू ठेवू नका, कारण थोडंसं उतरतंच आणि आईच्या छातीला थोडंसंही पुष्कळ आहे. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो.